अंतरांचा हिशेब मांडणारे आलिम : अबू रैहान अल्-बेरूनी

वाचकहो, मुंबईच्या विमानतळावरून जिद्द्याकडे जाणाऱ्या विमानाचे अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. दरवर्षी हज आणि उमऱ्यासाठी आपल्यातील किती तरी कुटुंबे हा प्रवास करतात. पण हे अंतर ठरले कसे, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. समुद्रावर आणि वाळवंटावर दोरी टाकून ते कोणी मोजलेले नाही. दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश घेतले जातात, पृथ्वी गोल आहे हे ध्यानात ठेवले जाते आणि त्या गोलाच्या पृष्ठावरून दोन ठिकाणांना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग गणिताने काढला जातो. पृथ्वीच्या केंद्रातून आरपार छेद घेतला असता पृष्ठावर जे सर्वांत मोठे वर्तुळ उमटते, त्याचाच हा मार्ग एक तुकडा असतो. भूगोलात त्याला बृहद्वृत्त म्हणतात.

हाच हिशेब एक हजार वर्षांपूर्वी, आकाशातून प्रवास करण्याची कल्पनाही नव्हती त्या काळी, एका मुस्लिम आलिमाने गझनी, बगदाद आणि मक्का या शहरांसाठी मांडला. त्यांना कोठे उड्डाण करायचे नव्हते. गझनीत उभे राहून नमाज पढणाऱ्या माणसाचे तोंड नेमके कोणत्या दिशेला असावे, हे त्यांना ठरवायचे होते. त्यांचे नाव अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल्-बेरूनी. त्यांचे जीवन आपण आज पाहू. कारण ज्ञान आणि इबादत यांची वाट वेगवेगळी आहे असे मानणाऱ्यांना त्या जीवनातून पुष्कळ काही कळण्यासारखे आहे.

अल्-बेरूनी यांचा जन्म ३ जिल्हज्ज ३६२ हिजरी, म्हणजे ४ सप्टेंबर ९७३ रोजी, ख्वारझ्म प्रांतातील काथ या शहराजवळ झाला. अरल समुद्राच्या दक्षिणेकडचा, अमू दर्या नदीच्या काठचा हा प्रदेश आज प्रामुख्याने उझबेकिस्तानात मोडतो आणि तेथील एका गावाला आज त्यांचेच नाव आहे. फारसी भाषेत ‘बेरून’ म्हणजे बाहेर. शहराच्या वेशीबाहेरच्या वस्तीत जन्मलेला म्हणून बेरूनी, असा या नावाचा अर्थ सांगतात. त्यांचे भाग्य हे की, कोवळ्या वयातच त्यांना अबू नस्र मन्सूर यांच्यासारखे गुरू लाभले. अबू नस्र हे ख्वारझ्मच्या राजघराण्यातील होते आणि गोलावरील त्रिकोणांच्या गणितात त्यांचा अधिकार मोठा होता. गोलाच्या पृष्ठावर काढलेला त्रिकोण कागदावरच्या त्रिकोणाप्रमाणे वागत नाही; त्याचे नियम निराळे असतात. हे नियम शिष्याने गुरूकडून आत्मसात केले आणि पुढे आयुष्यभर त्यांचाच आधार घेतला.

वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास या तरुणाने मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून काथचा अक्षांश काढला. विशीत आल्यावर त्यांनी दहा हात व्यासाचा अर्धगोल तयार करून घेतला. प्रवाशांकडून आणि ग्रंथांतून मिळालेली गावांची अंतरे त्या अर्धगोलावर मांडायची, म्हणजे पृथ्वीचे चित्र आपल्या खऱ्या वक्र रूपात दिसेल, असा त्यांचा बेत होता. परंतु इ.स. ९९५ मध्ये ख्वारझ्ममध्ये यादवी माजली. गुर्गंजच्या अमीराने काथवर चाल करून गुरूंच्या घराण्याची सत्ता उलथून टाकली. बावीस वर्षांच्या बेरूनींना सारे काही मागे टाकून पळावे लागले. सूर्याच्या निरीक्षणांचा जो क्रम त्यांनी मोठ्या उमेदीने आरंभला होता, तो तेथेच खंडित झाला.

वाचकहो, निर्वासिताचे जिणे कसे असते, हे त्यांनी रय या शहरात अनुभवले. आजच्या तेहरानजवळचे हे शहर. तेथे त्यांना ना आश्रय होता, ना पैसा. ज्योतिषाचा धंदा करणाऱ्या एका सधन गृहस्थाने त्यांचे म्हणणे केवळ ते दरिद्री आहेत म्हणून उडवून लावले आणि पुढे त्यांची परिस्थिती सुधारल्यावर तोच गृहस्थ नम्र झाला. हा अनुभव बेरूनी विसरले नाहीत, मात्र त्यावर ते थांबूनही राहिले नाहीत. ज्ञानाला पैशाच्या तागडीत तोलणारे लोक सर्व काळी असतात, एवढे ओळखून ते आपल्या कामाला लागले.

लवकरच त्यांना एक संधी मिळाली. दूरच्या दोन गावांचा अक्षांश काढणे तसे सोपे असते. सूर्याची किंवा ध्रुवताऱ्याची उंची मोजली की काम होते. रेखांश मात्र कठीण. एक गाव दुसऱ्याच्या किती पूर्वेला आहे, हे कळण्यासाठी दोन्ही ठिकाणच्या वेळांतला फरक कळावा लागतो. आणि दूरध्वनी नसताना, भरवशाची घड्याळे नसताना तो कळणार कसा? यावर आकाशातच एक उपाय होता. चंद्रग्रहण सर्वत्र एकाच क्षणी लागते. पण त्या क्षणी प्रत्येक गावी रात्रीची घटका निराळी असते. मे ९९७ मधील चंद्रग्रहणाचे निरीक्षण बेरूनींनी काथ येथून केले आणि ठरल्याप्रमाणे बगदादहून अबुल वफा बूझजानी या थोर गणितज्ञांनी केले. दोघांनी टिपलेल्या वेळा पुढे ताडून पाहिल्या, तेव्हा दोन शहरांत सुमारे एका तासाचे अंतर निघाले. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते, म्हणजे रेखांशांतला फरकही साधारण तेवढाच. परस्परांपासून शेकडो कोस दूर असलेली दोन माणसे एकाच रात्री एकाच चंद्राकडे पाहून पृथ्वी मोजत होती, हे दृश्य आपण क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

त्यानंतर काही वर्षे ते कास्पियन समुद्राजवळील गुर्गान येथे अमीर काबूस यांच्या आश्रयाला होते. तेथे इ.स. १००० च्या सुमारास त्यांनी ‘अल्-आसारुल बाकिया’ हा ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या समाजांच्या कालगणना, महिने आणि सण यांचा तो चिकित्सक संग्रह आहे. याच प्रदेशातील दहिस्तानच्या मैदानात पृथ्वीचा एक अंश प्रत्यक्ष जमिनीवर मोजून पाहण्याचा त्यांनी प्रयत्न केला. असे मापन त्यांच्या आधी दोन शतके खलीफा मामून यांच्या आज्ञेने सिंजारच्या सपाट प्रदेशात झाले होते. मामून यांचे ज्योतिर्विद दोऱ्या आणि खुंट्या घेऊन उत्तर-दक्षिण चालत गेले आणि एका अंशाला सुमारे ५६ अरबी मैल, असे उत्तर घेऊन आले. बेरूनींना मात्र दहिस्तानात पुरेसे साहाय्य मिळाले नाही आणि तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. राजाश्रयाविना माणूस काय करू शकतो, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर त्यांना पुढे एका डोंगरावर मिळायचे होते.

मायदेशी परतून ते ख्वारझ्मच्या शासकाच्या दरबारी मानाने राहू लागले. पण इ.स. १०१७ मध्ये गझनीच्या सुलतान महमूदने ख्वारझ्म जिंकले आणि तेथील विद्वानांना आपल्याबरोबर गझनीला नेले. त्यांत बेरूनी होते आणि त्यांचे वृद्ध गुरू अबू नस्रही होते. गझनी आजच्या अफगाणिस्तानात आहे. दुसऱ्यांदा घर सुटले आणि या वेळी तर ज्याने देश जिंकला त्याच्याच छत्राखाली राहणे आले. पुढच्याच वर्षी, १०१८ मध्ये, काबूलजवळच्या एका खेड्यात ते अत्यंत विपन्न अवस्थेत होते. जवळ एकही उपकरण नव्हते. अशा वेळी त्यांनी हिशेबाच्या पाटीच्या पाठीमागे वर्तुळाचा भाग आखला, त्यावर अंशांच्या खुणा केल्या, ओळंबा लावला आणि त्या तुटपुंज्या साधनाने त्या खेड्याचा अक्षांश काढला. अडचणींची यादी सांगून अभ्यास टाळणाऱ्या आपल्या मुलांना ही हकीकत जरूर सांगावी.

आता आपण त्या ग्रंथाकडे वळू, ज्यासाठी हा लेख आहे. त्याचे नाव ‘तहदीदु निहायातिल अमाकिन’. गावांची निश्चित स्थाने ठरवणे हा त्याचा विषय. ऑक्टोबर १०२५ मध्ये तो गझनी येथे पूर्ण झाला. त्याचे हस्तलिखित इस्तंबूल येथे जपलेले आहे.

दिव्य कुरआनच्या सूरह बकरामध्ये, आपण जेथे कोठे असू तेथून मस्जिदे हरामच्या दिशेने तोंड करण्याची आज्ञा आहे, हे प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. मक्केत राहणाऱ्याला काबागृह डोळ्यांना दिसते. दूरच्या माणसाने काय करावे? बगदादचे स्थान तेव्हाच्या विद्वानांना चांगले ठाऊक होते आणि मक्केचेही. तेव्हा गझनी बगदादच्या किती पूर्वेला आहे, एवढे कळले की गझनीचा किब्ला गणिताने निघणार होता. त्यासाठी बेरूनींनी काफिल्यांच्या वाटा हाती घेतल्या. बगदादहून रय, तेथून जुर्जानिया, तेथून बल्ख आणि शेवटी गझनी, ही उत्तरेकडची साखळी. बगदादहून शिराझ, झरंज, बुस्त आणि गझनी, ही दक्षिणेकडची. प्रत्येक टप्प्याचे अंतर व्यापारी फरसखात सांगत. एक फरसख म्हणजे तीन मैल. पण रस्ता सरळ नसतो. तो डोंगराला वळसा घालतो, पाण्यासाठी विहिरीकडे वळतो. म्हणून सांगितलेल्या अंतरातून त्यांनी साधारणपणे सहावा भाग वजा केला. जे उरले ते सरळ अंतर. साधारण १९ फरसखांचा एक अंश होतो, या हिशेबाने ते अंतर पृथ्वीच्या वर्तुळाच्या अंशांत बदलले. मग दोन गावांचे अक्षांश आणि त्यांमधले हे अंतर घेऊन रेखांशांतला फरक काढला. टप्प्यामागून टप्पा जोडत आणि एका वाटेचे उत्तर दुसऱ्या वाटेच्या उत्तराशी ताडत ते गझनीपर्यंत आले. बगदाद आणि गझनी यांच्या रेखांशांत आजच्या मोजणीप्रमाणे २४ अंशांचा फरक आहे. उंट आणि खेचरांच्या वाटांवरून काढलेले बेरूनींचे उत्तर याहून अर्ध्या अंशानेही चुकलेले नव्हते.

आज दोन विमानतळांमधले अंतर काढताना याच हिशेबाची दुसरी बाजू वापरतात. तेथे अक्षांश-रेखांश आधी ठाऊक असतात आणि अंतर काढायचे असते. दोन्ही हिशेबांच्या मुळाशी एकच त्रिकोण आहे. त्याचे एक टोक उत्तर ध्रुवावर, दुसरे आपल्या गावी आणि तिसरे त्या दूरच्या गावी. आपल्या गावच्या टोकाशी जो कोन होतो, त्यावरून दिशा कळते. त्याच्यासमोर नव्हे, तर ध्रुवासमोर जी बाजू येते, तिच्यावरून अंतर कळते. ते तिसरे गाव मक्का असेल, तर ती दिशा हाच किब्ला.

याचा व्यवहारात किती उपयोग आहे, ते पाहा. मुंबईचा अक्षांश सुमारे १९ आणि मक्केचा सुमारे साडेएकवीस. सपाट नकाशावर रेघ ओढली, तर मक्का पश्चिमेपासून केवळ ४ अंश उत्तरेकडे दिसते. गोलावर हिशेब केला, तर किब्ला पश्चिमेपासून सुमारे १० अंश उत्तरेकडे येतो. आपले जे नातलग अमेरिकेत राहतात, त्यांच्या बाबतीत तर हा फरक थक्क करणारा आहे. न्यूयॉर्कपेक्षा मक्का पुष्कळ दक्षिणेला आहे. तरीही न्यूयॉर्कहून मक्केचा सर्वांत जवळचा मार्ग ईशान्येकडे निघतो आणि म्हणून तेथील बहुतेक मशिदींचा किब्ला ईशान्येला आहे. भारतातून अमेरिकेला जाणारे विमान पुष्कळदा इतक्या उत्तरेकडून का जाते, याचे कारणही हेच. ज्याने हातात गोल घेऊन त्यावर दोरा ताणून पाहिला, त्याला हे लगेच पटते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. जुन्या मशिदीची मिहराब दोन-चार अंशांनी इकडेतिकडे आहे, असे आढळले म्हणून वाद घालणे, पूर्वजांच्या नमाजांविषयी शंका घेणे योग्य नाही. दूरच्या माणसासाठी दिशा पुरेशी आहे, नेमके काबागृह साधण्याची सक्ती नाही, असे बहुसंख्य फुकहांचे मत आहे. दीनने आपल्यावर शक्तीबाहेरचा भार टाकलेला नाही. परंतु जे शक्तीत आहे, ते नीट करावे, अधिक चांगले करावे, हीही दीनचीच शिकवण आहे. बेरूनींनी आपला हिशेब याच भावनेने केला.

पृथ्वी मोजण्याचे त्यांचे स्वप्न नंदना येथे पूर्ण झाले. आजच्या पाकिस्तानी पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेत हा किल्ला आहे. त्याच्यासमोर विस्तीर्ण सपाट मैदान पाहून त्यांना एक जुनी युक्ती आठवली. मामून यांच्या काळी सनद इब्न अली यांनी ती वापरल्याची हकीकत त्यांनी आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. दुसऱ्याचे श्रेय त्यांनी लपवले नाही. आधी मैदानातून कोन मोजून त्यांनी डोंगराची उंची काढली. ती सुमारे ६५२ हात भरली. मग माथ्यावर जाऊन क्षितिज नजरेच्या समपातळीपासून किती खाली दिसते, हे मोजले. तो उतार ३४ कला, म्हणजे एका अंशाच्या अर्ध्याहून थोडा अधिक होता. या दोन आकड्यांवरून पृथ्वीची त्रिज्या सुमारे १ कोटी २८ लाख हात येते. चार हजार हातांचा मैल धरला, तर एका अंशाला सुमारे ५६ मैल. मामून यांच्या माणसांनी मैदान तुडवून आणलेले उत्तर आणि एका माणसाने एका डोंगरावर उभे राहून काढलेले उत्तर जुळले.

पंजाबात त्यांचे येणे सुलतानाच्या स्वाऱ्यांमुळे झाले, हे खरे. पण त्यांनी तेथून लूट नेली नाही, विद्या नेली. प्रौढ वयात ते संस्कृत शिकले, पंडितांजवळ बसले, पतंजलीच्या योगशास्त्राचा अरबीत अनुवाद केला आणि इ.स. १०३० च्या सुमारास ‘किताबुल हिंद’ या नावाने प्रसिद्ध असलेला ग्रंथ लिहिला. महमूदच्या स्वाऱ्यांनी या भूमीची भरभराट उद्ध्वस्त झाली आणि येथील लोकांच्या मनात मुसलमानांविषयी तीव्र तिरस्कार निर्माण झाला, हे त्यांनी त्या ग्रंथात स्पष्ट नमूद केले. ज्यांच्या धर्माशी आपण सहमत नाही, त्यांचे म्हणणे त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे आणि तोडमोड न करता मांडावे, हा दंडक त्यांनी स्वतःला घालून घेतला. न्याय म्हणतात तो हाच. महाराष्ट्रातील वाचकांना आणखी एक गोष्ट जाणून आनंद होईल. हिंदुस्थानातील मार्गांचे वर्णन करताना त्यांनी धारहून दक्षिणेकडे जाणारी वाट दिली आहे. तीत महरट्टा देश आणि समुद्रकाठचे कोकणचे मुख्य ठिकाण ठाणे ही नावे टप्प्यांच्या अंतरांसह येतात. आपली भूमी त्यांच्या अंतरांच्या वहीत हजार वर्षांपूर्वीच नोंदली गेली होती.

सर्वांनीच त्यांचे स्वागत केले असे समजू नये. नमाजाच्या वेळा कळण्यासाठी केलेले एक उपकरण एका धार्मिक माणसाने केवळ त्यावर रूमी महिने कोरलेले होते म्हणून मशिदीत येऊ दिले नाही. ते परक्यांचे अनुकरण ठरेल, असे त्याला वाटले. रूमी लोक जेवतात आणि चालतातही, मग तेही सोडून द्यावे लागेल, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाल्याचे बेरूनींनी लिहून ठेवले आहे. दुसरी हकीकत चरित्रकार याकूत यांनी दिली आहे. फार दूरच्या देशातून आलेल्या एका वकिलाने सुलतान महमूदला सांगितले की, समुद्रापलीकडे अशी जागा आहे, जेथे सूर्य मावळतच नाही. सुलतान संतापला, हा पाखंडी आहे, असे त्याला वाटले. तेव्हा बेरूनींनी पृथ्वी गोल असल्यामुळे असे कसे घडते, हे समजावून सांगितले. ज्ञान नसेल, तर एखादे खरे बोलणेही कुफ्र वाटू लागते आणि एका निरपराध माणसाचा जीव टांगणीला लागतो.

महमूदच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा मसऊद गादीवर आला. त्याच्या नावाने बेरूनींनी ‘अल्-कानूनुल मसऊदी’ हा खगोलशास्त्राचा विशाल ग्रंथ लिहिला. त्यात सहाशेहून अधिक ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले आहेत. त्याच्या मोबदल्यात सुलतानाने हत्तीच्या पाठीवर चांदी लादून पाठवली आणि बेरूनींनी ती परत केली, असे सांगितले जाते. वयाच्या पासष्टाव्या चांद्रवर्षी त्यांनी आपल्या लेखनाची यादी केली, तेव्हा तीत ११३ नावे होती.

इ.स. १०५० च्या आसपास गझनी येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या अखेरच्या घटकेची कथा याकूत यांनीच सांगितली आहे. वलवालिजी नावाचे एक फकीह त्यांना भेटायला गेले, तेव्हा श्वास लागला होता. अशा स्थितीत बेरूनींनी त्यांना वारसाहक्कातील आईकडच्या आज्यांच्या वाट्याचा एक अवघड मसला विचारला, ज्याविषयी पूर्वी बोलणे झाले होते. या अवस्थेत हे कशाला, असे पाहुण्यांनी दयेने म्हटले. तो मसला न कळता जगाचा निरोप घेण्यापेक्षा कळून घेतलेला बरा, असे त्यांचे म्हणणे पडले. पाहुण्यांनी तो समजावून सांगितला, बेरूनींनी तो ऐकून पुन्हा म्हणून दाखवला. पाहुणे बाहेर पडून रस्त्याला लागले, तोच घरातून आक्रोश ऐकू आला.

वाचकहो, हा माणूस दोनदा देशोधडीला लागला, उपासमारीत राहिला, जेत्याच्या दरबारी जगला. तरी कोणत्याही परिस्थितीत त्याने खरे उत्तर शोधणे थांबवले नाही. आपल्या मोबाइलवर आज किब्ला एका क्षणात दिसतो आणि दोन विमानतळांमधले अंतर बोटाच्या स्पर्शाने कळते. ही सोय वापरण्यात काही गैर नाही. पण ती दाखवणारा हिशेब आपल्या मुलामुलींना कळावा, म्हणून घरात पृथ्वीचा एक गोल आणून ठेवा. त्यावर आपल्या गावापासून मक्केपर्यंत दोरा ताणायला त्यांना सांगा, आणि गणित हा आपल्या दीनपासून दूरचा विषय आहे, असे त्यांच्या मनात कधी येऊ देऊ नका. मदरशात शिकणाऱ्या मुलाने भूगोल शिकावा आणि शाळेत शिकणाऱ्या मुलीने किब्ल्याचा हिशेब करून पाहावा. अल्लाह तआला अबू रैहान यांच्यावर दया करो आणि आपल्याला लाभदायक ज्ञान मिळवण्याची, त्यात प्रामाणिक राहण्याची तौफीक देवो. आमीन.